“किती समजूतदार आहे हो!” : आजारी आईबाबांना सांभाळणारी मुलं

आजारी माणसाला भेटायला मंडळी आलेली असतात. आई उशीला टेकून बसलेली. अकरा वर्षांची मुलगी पाण्याचे ग्लास आणते, खुर्च्या सरकवते. औषधांचा विषय निघतो तेव्हा आईच्या आधी तीच सांगते: पांढरी गोळी जेवणाआधी, पिवळी रात्री, आणि पिवळी घेतल्यावर आईला गरगरतं म्हणून अर्धा तास तिला एकटीला उठू द्यायचं नाही. पाहुणे एकमेकांकडे बघतात. कोणीतरी म्हणतंच, “किती समजूतदार आहे हो!” मुलगी हसते आणि रिकामे ग्लास गोळा करून आत जाते.

आत जाऊन ती नळ बारीक सोडते, म्हणजे बाहेरचं ऐकू येईल. मोठी माणसं आपल्यासमोर जे बोलत नाहीत ते आपण उठून गेल्यावर बोलतात, हे तिला केव्हाच कळलंय.

आजारी आईला किंवा वडिलांना सांभाळणाऱ्या मुलांच्या मनात काय चालतं हे समजून घ्यायचं, तर बाहेरची ती शाबासकी आणि आतला तो बारीक सोडलेला नळ, दोन्ही एकत्र बघावं लागतं.

मदत कुठे संपते?

घरात हातभार लावणारी सगळीच मुलं या गटात येत नाहीत. मुलांनी केर काढावा, धाकट्याला खेळवावं, यात काही वावगं नाही, उलट चांगलंच आहे. फरक ओळखायला एक साधा प्रश्न पुरतो: मुलाने ते काम आज केलंच नाही, तर काय होईल? केर राहिला तर कोणीतरी कुरकुर करेल आणि स्वतः काढेल. पण संध्याकाळी मूल घरी नसलं तर इन्सुलिन चुकणार असेल, बाबा बाथरूममध्ये पडतील अशी धास्ती असेल, किंवा निराशेच्या आजारातली आई दिवसभर एकटी राहील म्हणून शाळेच्या सहलीला नाही म्हणावं लागत असेल, तर ती मदत राहिलेली नाही. ती जबाबदारी झालीय, आणि तिला बदली माणूस नाही.

इंग्रजीत अशा मुलांना ‘यंग केअरर’ म्हणतात. मराठीत ‘काळजीवाहू’ म्हणावं तर आधी सरकार आठवतं, त्यामुळे या लेखात मी सरळ ‘सांभाळणारी मुलं’ असंच म्हणणार आहे. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकात उभा राहिला. लफबरो विद्यापीठातल्या जो आल्ड्रिज आणि सॉल बेकर या संशोधकांनी तेव्हा सांभाळणाऱ्या मुलांशी थेट बोलायला सुरुवात केली. त्याआधी आजारी माणसाबद्दल डॉक्टर बोलत, घरातल्या मोठ्यांबद्दल समाजसेवक बोलत, आणि मूल दोघांच्याही नजरेतून सुटत असे. पुढे तिथे कायदा झाला. इंग्लंडमध्ये २०१४ च्या बालक व कुटुंबविषयक कायद्याने अशा मुलाच्या गरजा तपासून बघणं ही स्थानिक प्रशासनाची जबाबदारी ठरली.

तरीही मोजणी अवघडच जाते. २०२१ च्या जनगणनेत एकट्या इंग्लंडमध्ये ५ ते १७ वयोगटातली सुमारे १ लाख २० हजार सांभाळणारी मुलं नोंदली गेली, म्हणजे त्या वयातल्या साधारण १.४ टक्के. पण २०१८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठ आणि बीबीसी यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांनाच विचारलं, तेव्हा आकडा पाचात एकाच्या आसपास गेला. एवढी तफावत कशी? दोन्हींची प्रश्न विचारायची पद्धत वेगळी, हे एक. पण मला वाटतं खरी गोम दुसरीकडे आहे. जनगणनेचा अर्ज बहुधा घरातलं मोठं माणूस भरतं. आपलं मूल आपल्याला सांभाळतंय हे कागदावर लिहायला आई-वडिलांचा हात रेटत नाही. आणि मुलालाही आपण काही वेगळं करतोय असं वाटत नसतं. “मी काही करत नाही, फक्त आईजवळ असतो,” असं सांगणारा मुलगा रात्री तीनदा उठत असतो.

दिसणारं काम आणि न दिसणारं काम

१९७३ मध्ये इव्हान बोझोर्मेनी-नाज आणि जेराल्डिन स्पार्क या अमेरिकेतल्या कुटुंबोपचार तज्ज्ञांनी ‘पॅरेंटिफिकेशन’ ही कल्पना मांडली. पालकाने करायचं काम मूल करू लागतं, पालकाला जो आधार दुसऱ्या मोठ्या माणसाकडून मिळायला हवा तो मुलाकडून मिळू लागतो. घरातल्या भूमिकांची अदलाबदल होते, आणि ती कोणी ठरवून केलेली नसते. एक दिवस आईला बरं नव्हतं म्हणून, दुसऱ्या दिवशीही नव्हतं म्हणून, आणि मग तसंच चालू राहिलं म्हणून.

पुढच्या अभ्यासकांनी यात दोन प्रकार वेगळे केले. एक हातांनी करायचं काम: स्वयंपाक, कपडे, औषधं, धाकट्या भावंडांची तयारी, आजारी माणसाला उठवणं-बसवणं. दुसरं मनाने करायचं: आईचा मूड कसा आहे हे दाराशीच ओळखणं, बाबा रडले तर त्यांना समजावणं, घरातलं भांडण मिटवणं, कोणाला काय सांगायचं नाही हे लक्षात ठेवणं. पहिलं काम बघणाऱ्याला दिसतं, म्हणून त्याचं कौतुक होतं आणि कधीमधी कोणी ते वाटूनही घेतं. दुसरं कोणालाच दिसत नाही. मुलांच्या मनावर जास्त ताण याच दुसऱ्या प्रकाराचा येतो, असं संशोधनात पुन्हा पुन्हा आढळलंय. कारणही समजण्यासारखं आहे. भांडी घासून झाली की संपतात. आईला उदास वाटू न देणं हे काम कधीच संपत नाही. त्यात यश आलं की नाही हेही कळत नाही.

सतत जागा असलेला कान

अशा घरातल्या मुलाच्या शरीरात एक पहारेकरी बसलेला असतो. खोकल्याचा आवाज बदलला, पावलं फरफटली, बाथरूमचं दार जरा जास्त वेळ बंद राहिलं, की तो उठतो. धोका दिसला की शरीराने सज्ज व्हावं, धोका टळला की शांत व्हावं, ही निसर्गाची सोय आहे. पण धोका कधी येईल याचा नेमच नसेल तर शांत व्हायचा भागच येत नाही. झोप सावध होते. वर्गात बाई काय शिकवतात ते कानावर पडतं पण आत उतरत नाही, कारण लक्ष घड्याळाकडे असतं. पोट दुखतं, डोकं दुखतं, तपासणीत काही सापडत नाही. आणि पोट दुखतंय हे सांगायचं तरी कोणाला? घरात ‘खरं’ आजारी माणूस आधीच आहे.

म्हणूनच आजार किती गंभीर आहे यापेक्षा तो किती बेभरवशाचा आहे, हे मुलाच्या दृष्टीने बरेचदा महत्त्वाचं ठरतं. कायमचं व्हीलचेअरवर असलेल्या वडिलांच्या घरात दिवसाची घडी बसलेली असू शकते. झटके येणारे आजार, कधी बरं तर कधी एकदम वाईट असे मनाचे आजार, दारूचं व्यसन, यांत मात्र आज संध्याकाळी दार कोण उघडणार, कालची आई की परवाची, हे मुलाला माहीत नसतं. शिवाय कर्करोग म्हटलं की लोक डबे घेऊन येतात. मनाचा आजार किंवा व्यसन म्हटलं की घरचे दार लावून घेतात, आणि मुलाला सांगितलं जातं, “बाहेर बोलायचं नाही हं.” सांभाळण्याच्या जोडीला गुपित सांभाळणंही आलं.

मग भावना येतात, एकीच्या पाठोपाठ दुसरी. मैत्रिणीच्या वाढदिवसाला जाता आलं नाही याचा राग येतो. राग कोणावर काढायचा? आईवर? ती तर आजारी. मग राग आल्याचीच लाज वाटते. मोठ्या मुलांच्या मनात कधीतरी “हे संपावं एकदाचं” असं येऊन जातं, आणि त्या एका विचारासाठी ती स्वतःला वर्षानुवर्षं माफ करत नाहीत. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाला हा विचार कधी आला असेल तर सांगतो, दमलेल्या माणसाला तो येतो. मोठ्यांनाही येतो. तो माया आटल्याचा पुरावा नव्हे.

यातलं एक दुःख नीट ओळखायला हवं. अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांनी १९७० च्या दशकात व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलं. माणूस गेला म्हणावं तर खात्री नाही, आहे म्हणावं तर समोर नाही. या अवस्थेला त्यांनी धूसर, अनिश्चित नुकसान मानलं. पुढे त्यांनी त्याची दुसरी बाजू दाखवली: माणूस समोर आहे, पण पूर्वीचं माणूस राहिलेलं नाही. मेंदूला मार लागल्यावर स्वभाव बदललेले बाबा, तीव्र नैराश्यात नजर न मिळवणारी आई. मूल रोज त्यांच्या उशाशी असतं आणि रोज त्यांची आठवण काढतं. मृत्यू झाला तर लोक सांत्वनाला येतात. इथे सांत्वनाला कोण येणार? आई तर घरातच आहे.

वयानुसार समज बदलते

लहानग्यांबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी दाखवून दिलं की साधारण सात वर्षांपर्यंतचं मूल जगाकडे स्वतःपासून सुरू करून बघतं. त्यामुळे “मी हट्ट केला, आई ओरडली, दुसऱ्या दिवशी आई दवाखान्यात गेली” या तीन घटनांची त्याच्या डोक्यात एक साखळी होते. आपल्यामुळे आई आजारी पडली, असं पाच वर्षांचं मूल मनोमन धरून बसतं आणि बोलत नाही. मग ते अतिशय शहाण्यासारखं वागू लागतं. घरचे म्हणतात, बघा, लहान असून किती कळतं त्याला.

आठ-दहा वर्षांच्या मुलांना आजाराचं यंत्र समजून घ्यायचं असतं: हे कशाने होतं, मला होईल का, रक्त कुठून येतं? त्यांना उत्तर मिळालं नाही तर ती शोधतात, आणि इंटरनेटवर सगळ्यात भयंकर उत्तर सगळ्यात वर येतं. किशोरवयीन मुलांचं कोडं वेगळं. त्या वयाचं कामच घरापासून थोडं सुटण्याचं असतं आणि नेमकं तेव्हाच घर धरून ठेवतं. पुढच्या शिक्षणासाठी दूर जायचं की नाही, हा प्रश्न त्यांच्यासाठी निव्वळ गुणांचा कधीच नसतो.

बिचारी नाहीत आणि देवदूतही नाहीत

इथवर वाचून सांभाळणारं प्रत्येक मूल कोमेजलेलंच असतं असं वाटेल, तर ते बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातले संशोधक केनेथ पाकेनहॅम यांनी मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदू आणि मज्जारज्जूचा दीर्घकाळ चालणारा आजार झालेल्या पालकांच्या मुलांचा बराच अभ्यास केला. या मुलांना त्रासाबरोबर मिळकतही दिसते: आईबाबांशी जवळीक, दुसऱ्याचं दुखणं ओळखण्याची नजर, स्वतःच्या हिमतीवरचा विश्वास. ब्रिटनमध्ये या मुलांसाठी तयार झालेल्या एका प्रश्नावलीत तर चांगल्या आणि वाईट परिणामांची मोजणी वेगवेगळी होते. एकाच मुलाचे दोन्हीकडचे आकडे मोठे येऊ शकतात. अभिमान आहे म्हणून थकवा नाही, किंवा थकवा आहे म्हणून अभिमान खोटा, असं नसतं.

१९९५ मध्ये लोइस कीथ आणि जेनी मॉरिस या अपंग हक्क चळवळीतल्या दोघींनी तर या सगळ्या चर्चेलाच खडे बोल सुनावले. त्यांचं म्हणणं साधारण असं: तुम्ही मुलाला बिचारं ठरवता, आजारी आईला ओझं ठरवता, आणि तिला उठायला-बसायला माणूस का मिळत नाही हे विचारतच नाही. मला हा आक्षेप फार मोलाचा वाटतो. आजारी आई ही आईच असते. अंथरुणातूनही ती अभ्यास घेऊ शकते, रागावू शकते, कुशीत घेऊ शकते. आईला आंघोळ घालायची वेळ मुलावर येते यात चूक आईच्या आजाराची कमी आणि ते काम दुसऱ्या कोणी न उचलल्याची जास्त.

मुलाला किती सांगायचं?

नॉर्वेत १ जानेवारी २०१० पासून आरोग्यसेवकांवर कायद्याने एक जबाबदारी आली: रुग्ण गंभीर आजारी असेल तर त्याला लहान मुलं आहेत का हे विचारायचं, आणि त्या मुलांना माहिती व आधार मिळतोय का ते बघायचं. रुग्णालयांनी या कामासाठी माणूस नेमायचा. स्वीडनमध्येही त्याच वर्षी तशा अर्थाची तरतूद आली. फिनलंडमध्ये बालमानसोपचारतज्ज्ञ तुत्ती सोलांताउस यांनी आजारी पालकांशी त्यांच्या मुलांबद्दल बोलण्याची एक पद्धत बसवली. यात मुलाला ‘रुग्ण’ करत नाहीत. मुलाचं शाळेत, घरात, मित्रांमध्ये काय बरं चाललंय आणि कुठे अडतंय, एवढं पालकांबरोबर बसून बघतात.

या सगळ्यामागचं तर्कशास्त्र एकच आहे. माहितीची जागा रिकामी राहत नाही. मोठ्यांनी ती भरली नाही तर मूल स्वतःच्या कल्पनेने भरतं, आणि ती कल्पना बहुतेक वेळा वस्तुस्थितीपेक्षा भयानक असते. नळ बारीक सोडून ऐकलेल्या अर्ध्या वाक्यांवर ती उभी राहते.

सांगायचं ते थोडं आणि खरं असावं. आजाराचं नाव सांगावं. ‘बरं नाही’ म्हटलं की मुलाला पुढे प्रत्येक सर्दीची धास्ती बसते. हे तुझ्यामुळे झालं नाही, आणि तू कितीही चांगलं वागलास तरी ते बरं करणं तुझ्या हातात नाही, ही दोन वाक्यं मूल न विचारताही सांगावीत, आणि एकदा सांगून थांबू नये. आजार संसर्गाचा नसेल तर तेही सांगावं, नाहीतर मूल आईला मिठी मारायला घाबरतं. तुझं शाळेत जाणं, जेवण, झोप हे कोण बघणार, त्या माणसाचं नाव घ्यावं. “आई नक्की बरी होणार ना?” यावर खोटं वचन देऊ नये. “डॉक्टर उपचार करताहेत. पुढचं कळेल तेव्हा तुला आधी सांगेन, लपवणार नाही,” एवढं म्हणता येतं. आणि म्हटलं तर पाळावं लागतं.

कामं काढून घ्यायची का?

सगळी नाही, आणि एकदम तर नाहीच. रोज बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवणाऱ्या मुलाला “तू खेळ, आम्ही बघतो” म्हणून बाजूला केलं तर त्याला सुटका वाटत नाही, हकालपट्टी वाटते. काही गोष्टी मात्र मुलावर नसाव्यातच: औषधाची मात्रा ठरवणं, आईवडिलांच्या शरीराची खाजगी स्वच्छता, रात्रीचा पहारा, पैशांची चिंता, आणि निरोगी पालकाचं मन मोकळं करायची एकमेव जागा होणं. हे शेवटचं सगळ्यात सहज घडतं. दिवसभर धावपळ करून आलेले बाबा रात्री मोठ्या मुलीजवळ बसून म्हणतात, “तुझ्याशिवाय कोणाशी बोलू?” बोलणं खरं असतं, पण ऐकणारी बारा वर्षांची असते.

सुटीसुद्धा नीट द्यावी लागते. “जा, दोन तास खेळून ये” एवढं पुरत नाही, कारण कान घरीच राहतो. “सहा ते आठ मी इथेच बसलोय, फोन माझ्याजवळ आहे, काही झालं तर मी बघेन, तुला बोलावणार नाही” असं म्हणणारा माणूस लागतो. तो दोन-चारदा खरा ठरला की मग कुठे मूल खरंच खेळतं.

शाळेचंही तसंच. उशीर, अपुरा गृहपाठ, वर्गात पेंग, हे दिसलं की शिक्षा होते. एका शिक्षकाला जरी घरची परिस्थिती माहीत असली, आणि मधल्या सुटीत एक फोन करायची मुभा मिळाली, तरी उरलेला दिवस मोकळा जाऊ शकतो. चौकशी करायची तर “कशी आहेस?” यावर या मुलांचं ठरलेलं उत्तर असतं: “ठीक.” त्यापेक्षा नेमकं विचारावं. रात्री उठावं लागतं का? तू शाळेत असतेस तेव्हा आईजवळ कोण असतं? शेवटचं खेळायला कधी गेलीस? ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये याच धर्तीवर १८ प्रश्नांची यादी केली. तीत मुलाला कसं वाटतं हे विचारतच नाहीत. गेल्या महिन्यात कोणती कामं किती वेळा केलीस, एवढंच विचारतात. कामांबद्दल मुलं मोकळेपणी बोलतात.

झोप, भूक, अभ्यास काही आठवडे बिघडलेलेच राहिले, मूल सगळ्यांपासून तुटत गेलं, तर समुपदेशकाला किंवा डॉक्टरांना दाखवावं. स्वतःला इजा करण्याची किंवा जगायचं नाही अशी भाषा कानावर आली तर त्याच दिवशी जावं, ‘लक्ष वेधून घेतंय’ असं म्हणून थांबू नये.

आणि बरं वाटल्यानंतर

आई सावरते, स्वतः उठून औषधं घेऊ लागते. घरात सुटकेचा श्वास पडतो. नेमकी तेव्हाच ती समजूतदार मुलगी बिघडते. उलट बोलते, दार आपटते, भाजीवरून तोंड वाकडं करते, सकाळी उठतच नाही. घरच्यांना कळत नाही की एवढ्या कठीण दिवसांत जिने चकार शब्द काढला नाही तिला आता काय झालं. एक तर तिचं पद गेलेलं असतं: गोळ्यांची वेळ आता तिला कोणी विचारत नाही. दुसरं म्हणजे, इतके दिवस कोसळायला घरात जागा नव्हती, आता ती झालीय. आईवर चिडलं तरी आईला काही होणार नाही, याची तिला पहिल्यांदाच खात्री पटतेय.

अशा वेळी “पूर्वी किती शहाणी होतीस” हे वाक्य तेवढं गिळावं. दार पुन्हा आपटलं तर आईने रागवावं, नेहमीच्या आया रागावतात तसं.